ईदचा चाँद, प्रकाशाची फट आणि नजरेची हद्द

आमच्या लहानपणी गोंदियात एकोणतिसाव्या रोज्याला खजूर तोंडात टाकून सगळी पोरे मोहल्ल्यातल्या मशिदीच्या गच्चीकडे धावायची. पश्चिमेला तेव्हा उंच इमारती नव्हत्या. कौलारू घरे, राइस मिलच्या चिमण्या आणि त्यांच्यावर लालसर आभाळ. मोठी माणसे कठड्याला टेकून उभी असत आणि त्यांच्यात माझे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, हमखास पुढे असत. बाजारात त्यांचे घड्याळदुरुस्तीचे छोटे दुकान होते. डोळ्याला भिंग लावून दिवसभर केसाएवढ्या स्प्रिंगशी झटणारा माणूस, म्हणून लोक म्हणायचे, ‘चाचा, तुमची नजर बारीक आहे, तुम्ही पाहा.’

१९९० च्या आसपासची गोष्ट आहे. ईद भर उन्हाळ्यात आली होती. आभाळात धूळ होती. मावळतीकडे पाहता पाहता एक तरुण ओरडला, ‘तो बघा!’ त्याने बोट दाखवले. दोघा-तिघांनी आधी हो म्हटले, मग गप्प झाले. तरुण मात्र ठाम होता. पण ईदच्या चाँदसाठी एकाची गवाही पुरत नाही. सगळ्यांच्या नजरा दादांकडे वळल्या. दादांनी चष्मा काढला, कुर्त्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला आणि बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, ‘बेटा, तुला दिसला असेल. मला नाही दिसला. मी गवाही देणार नाही.’

दुसऱ्या दिवशी मोहल्ल्यात तिसावा रोजा झाला. इतर काही गावांत ईद झाल्याची खबर दुपारपर्यंत आली आणि लोक चिडले. शीरखुर्म्याचे दूध नासले होते, पाहुणे खोळंबले होते. ‘चाचांनी नुसते हो म्हटले असते तर काय बिघडले असते?’ हे वाक्य मी त्या आठवड्यात बऱ्याच तोंडांतून ऐकले. दादांनी कोणालाच उत्तर दिले नाही. मलाही तेव्हा त्यांचा राग आला होता, कारण माझे नवे कपडे एक दिवस पेटीतच राहिले.

हे सगळे आठवायला निमित्त झाले एका व्हॉट्सअ‍ॅप संदेशाचे. ‘प्रकाशाचे सगळे विज्ञान मुसलमानांनी हजार वर्षांपूर्वीच शोधून ठेवले होते, युरोपने फक्त चोरले,’ असा तो संदेश होता. खाली इब्न अल-हैसम यांचे चित्र. तो पाठवणाऱ्या मित्राने मला विचारले, ‘यावर लिही ना काहीतरी.’ म्हणून हे लिहितो आहे. पण लिहायला बसलो तेव्हा लक्षात आले, की इब्न अल-हैसम यांच्याविषयी खरे सांगायचे तर त्यांना काय माहीत नव्हते हेही सांगावे लागेल. आणि ते सांगताना मला दादांच्या त्या नकाराचा अर्थ लागला.

कडुलिंबाखालचे चाँद

२४ ऑक्टोबर १९९५ ला, ऐन दिवाळीत, सूर्यग्रहण झाले. खग्रास पट्टा उत्तर भारतातून गेला. आमच्याकडे ते खंडग्रास होते. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते. आपला जिल्हा १ मे १९९९ ला वेगळा झाला. सकाळी रस्ते ओस पडले होते. घराबाहेर पडू नका असे बजावले असतानाही आम्ही पोरे अंगणात गेलो आणि थबकलो. कडुलिंबाखाली जमिनीवर एरवी उन्हाचे गोल कवडसे पडत. त्या सकाळी प्रत्येक कवडसा कोरीसारखा वाकडा झाला होता. जमिनीवर शेकडो छोटे ईदचे चाँद पसरले होते.

या दृश्याचा हिशेब हजार वर्षांपूर्वी मांडणारा माणूस म्हणजे अबू अली अल-हसन इब्न अल-हैसम. जन्म बसऱ्यात, सुमारे ९६५ साली. उमेदीची वर्षे कैरोत, फातिमी खिलाफतीच्या काळात. मृत्यू १०४० च्या सुमारास. त्यांचा ‘किताब अल-मनाज़िर’ हा सात भागांचा ग्रंथ म्हणजे दृष्टी आणि प्रकाश यांच्या अभ्यासातील मोठा टप्पा. डोळ्यातून किरण बाहेर पडतात आणि वस्तूला जाऊन स्पर्श करतात, हे युक्लिड आणि टॉलेमी यांच्यापासून चालत आलेले मत त्यांनी नाकारले. प्रकाश वस्तूकडून डोळ्याकडे येतो, हे त्यांनी प्रयोग आणि भूमिती यांच्या जोरावर मांडले. अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला छिद्र, बाहेर ओळीने ठेवलेले दिवे. एक दिवा झाकला की आतल्या पडद्यावरचा त्याचाच डाग नाहीसा होतो, इतरांचे जागच्या जागी राहतात. म्हणजे अनेक दिव्यांचे किरण एकाच छिद्रातून जाऊनही एकमेकांत मिसळत नाहीत.

ग्रहणाच्या आकारावर त्यांनी वेगळा छोटा ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी दाखवले, की ग्रहण लागलेल्या सूर्याचा प्रकाश अगदी लहान छिद्रातून गेला तरच पडद्यावर कोर उमटते. छिद्र मोठे करत गेलो की कोरीची टोके बोथट होतात आणि शेवटी डाग छिद्रासारखाच दिसू लागतो. कारण सरळ आहे. सूर्याच्या प्रत्येक बिंदूमागे छिद्राएवढा एक डाग पडद्यावर पडतो. डाग लहान तर चित्र स्पष्ट, डाग मोठे तर ते एकमेकांवर चढतात आणि चित्र विरघळते. आमच्या कडुलिंबाची पाने सुमारे तीन मीटर उंच असतील, तर जमिनीवरचे सूर्यबिंब तीन सेंटिमीटरच्या आसपास होते. पानांमधली फट त्याहून बरीच लहान होती, म्हणून आम्हाला चाँद दिसले.

थोडक्यात, आपण किती बारीक पाहू शकतो हे छिद्राच्या मापावर अवलंबून असते, ही गोष्ट त्यांनी मोजून-मापून मांडली. यावरून साधा निष्कर्ष निघतो: छिद्र जितके लहान, चित्र तितके स्पष्ट. मग लहान करतच गेलो तर?

फट अरुंद झाली की

इथे निसर्गाने एक गाठ मारून ठेवली आहे. छिद्र एका हद्दीपलीकडे लहान केले की चित्र स्पष्ट होण्याऐवजी पुन्हा पसरू लागते. हे इब्न अल-हैसम यांना माहीत नव्हते. त्यांची सगळी भूमिती सरळ रेषेत जाणाऱ्या किरणांची होती, आणि त्यांच्या छिद्रांच्या मापात ती पुरेशी होती.

ही गाठ पहिल्यांदा नीट टिपली ती इटलीतल्या बोलोन्याचे जेझुइट पाद्री फ्रान्चेस्को ग्रिमाल्दी यांनी. त्यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १६६५ साली छापला गेला. बारीक छिद्रातून आलेल्या प्रकाशाचा डाग भूमितीने सांगितल्यापेक्षा मोठा पडतो आणि त्याच्या कडेला रंगीत पट्ट्या दिसतात, असे त्यांनी नोंदवले. या घटनेला त्यांनी दिलेले नाव आजही चालते. मराठीत आपण त्याला विवर्तन म्हणतो.

हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. दोन बोटे जवळजवळ चिकटवा, मधल्या बारीक फटीतून उजळ आभाळाकडे किंवा ट्यूबलाइटकडे पाहा. फटीत काळ्या बारीक रेषा दिसतील. अधिक नीट पाहायचे तर दाढीची दोन पाती एकमेकांना समांतर चिकटवून मध्ये फट ठेवा आणि शिक्षक वापरतात तो लाल लेझर तिच्यातून भिंतीवर पाडा. लेझर कोणाच्याही डोळ्यात जाणार नाही याची मात्र काळजी घ्या. फट एक दशांश मिलिमीटर आणि भिंत दोन मीटर दूर असेल, तर मधला उजळ पट्टा सुमारे अडीच सेंटिमीटर रुंद पडतो. दोन्ही बाजूंना काळी पट्टी, मग फिकट उजळ पट्टी, पुन्हा काळी. आता फट निम्मी करा. पट्टा निम्मा होत नाही. तो दुप्पट होतो, पाच सेंटिमीटर!

असे का? प्रकाश लाटेसारखा वागतो. फटीचे मनातल्या मनात दोन भाग करा, वरचा आणि खालचा. सरळ समोर जाणाऱ्या लाटा एकाच चालीत पोहोचतात, म्हणून मध्ये उजेड. थोडे तिरके पाहत गेलो की एक कोन असा येतो, जिथे वरच्या अर्ध्या भागातल्या प्रत्येक बिंदूच्या लाटेला खालच्या अर्ध्या भागातल्या तिच्या जोडीदार लाटेपेक्षा बरोबर अर्धी तरंगलांबी जास्त चालावी लागते. एकीचा उंचवटा येतो तेव्हा दुसरीचा खळगा येतो. दोघी एकमेकींना पुसून टाकतात आणि तिथे काळोख पडतो. हा कोन म्हणजे तरंगलांबी भागिले फटीची रुंदी. फट भागाकारात खाली असल्यामुळे ती लहान झाली की कोन वाढतो. तलावावरच्या लाटा अरुंद तोंडातून बाहेर पडताना पंख्यासारख्या पसरतात, तशीच ही लाटेची सवय.

एवढे समजायला मात्र माणसाला दीडशे वर्षे लागली. न्यूटनसारख्या मोठ्या माणसानेही प्रकाशाला कणांचा प्रवाह मानले होते. १८०१ पासून इंग्लंडमध्ये टॉमस यंग यांनी लाटांची बाजू मांडली, तेव्हा त्यांची टिंगल झाली. मग फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने विवर्तनावर स्पर्धा ठेवली. रस्ते-पुलांचे इंजिनिअर असलेले ओग्युस्तँ फ्रेनेल यांनी १८१८ साली आपला निबंध पाठवला. परीक्षकांतले प्वासाँ कणवादी होते. त्यांनी फ्रेनेल यांचेच गणित पुढे नेऊन दाखवले, की हे खरे असेल तर गोल चकतीच्या सावलीच्या बरोबर मध्यभागी उजेडाचा ठिपका पडायला हवा. त्यांच्या मते हा वेडेपणा होता. अरागो यांनी प्रयोग करून पाहिला. ठिपका होता. १८१९ मध्ये बक्षीस फ्रेनेल यांना मिळाले.

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ हे प्रकाशाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे केले. त्यासाठी निवडलेल्या टप्प्यांत १०१५ च्या आसपासचे इब्न अल-हैसम होते आणि १८१५ मधले फ्रेनेलही होते. दोघांमध्ये आठशे वर्षांचे अंतर. व्हॉट्सअ‍ॅपच्या संदेशात पहिले नाव होते, दुसरे नव्हते. गोष्ट अर्धीच होती.

एक की दोन?

विवर्तन ही फक्त फटीची गंमत राहिली असती, तर इतिहासात तिला एवढी जागा मिळाली नसती. पण दुर्बिणीचे भिंग हेही एक छिद्रच आहे. सूक्ष्मदर्शकाचे तोंड छिद्र आहे. आपल्या डोळ्याची बाहुली छिद्र आहे. म्हणून कितीही चोख भिंग घासले तरी ताऱ्याचे चित्र बिंदू म्हणून पडत नाही, त्याची छोटी चकती होते आणि तिच्याभोवती वलये दिसतात. १८३५ मध्ये जॉर्ज एअरी यांनी गोल भिंगासाठी या चकतीचे गणित मांडले. १८७३ मध्ये जर्मनीतल्या येना इथे एर्न्स्ट अ‍ॅबे यांनी सूक्ष्मदर्शकाची हद्द सांगितली. आणि १८७९ मध्ये लॉर्ड रॅले यांनी सोपी कसोटी दिली: एका ताऱ्याच्या चकतीचा मध्य दुसऱ्याच्या पहिल्या काळ्या वलयावर आला, तर दोन तारे कसेबसे वेगळे ओळखता येतात. त्याहून जवळ आले की दोघांचा एकच डाग.

यालाच विभेदनाची मर्यादा म्हणतात. भिंग मोठे असेल तर मर्यादा सुधारते, तरंगलांबी मोठी असेल तर बिघडते. रॅले यांनी १८९१ मध्ये छिद्राच्या कॅमेऱ्याचाही हिशेब केला. तीस सेंटिमीटर खोलीच्या खोक्याला पाऊण मिलिमीटरच्या आसपासचे छिद्र सर्वांत चांगले. त्याहून मोठे केले तर इब्न अल-हैसम यांच्या भूमितीने चित्र पुसट होते, त्याहून लहान केले तर ग्रिमाल्दींच्या विवर्तनाने. बसऱ्याच्या माणसाने सुरू केलेला हिशेब इथे पूर्ण झाला, असे मला वाटते.

आता आपला डोळा. दिवसा बाहुली सुमारे तीन मिलिमीटरची असते. गणित केले तर तिची मर्यादा अंशाच्या साठाव्या भागाच्या, म्हणजे एका कलेच्या जवळपास येते. दृष्टिपटलावरच्या पेशींची दाटीही साधारण तेवढीच बारीक आहे. एक कला म्हणजे एक किलोमीटरवर तीस सेंटिमीटर. रात्री देवरीच्या बाजूने महामार्गावर येणारा ट्रक आठवा. दूर असताना एकच दिवा दिसतो, मोटरसायकल वाटते. जवळ येता येता त्या एका दिव्याचे दोन होतात. ट्रक तोच असतो, दिवेही आधीपासून दोनच असतात. तिथपर्यंत आपल्या नजरेची ऐपत नव्हती, एवढेच.

आपल्या ग्रामीण रुग्णालयांतल्या सूक्ष्मदर्शकाचेही असेच. सालेकसा-देवरीच्या जंगलपट्टीत तापाचा रुग्ण आला की रक्ताची काच तपासतात. लाल पेशी सात-आठ मायक्रॉनची, तिच्यात बसलेला मलेरियाचा जंतू दिसतो. पण दृश्य प्रकाशाची हद्द एक पंचमांश मायक्रॉनच्या आसपास आहे, आणि करोनाचा विषाणू त्याच्या निम्मा. ती काच कितीही चांगल्या तंत्रज्ञाच्या हाती दिली तरी तो तिच्यावर दिसणार नाही. ‘दिसत नाही म्हणजे नाहीच’ असे साथीच्या काळात म्हणणारे आपल्या मोहल्ल्यातही होते आणि इतरत्रही होते.

नागपूरचा हिशेबनीस

या कहाणीचा एक धागा आपल्या विदर्भातूनही जातो. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाला प्रिझमच्या बाजूवर अगदी तिरका प्रकाश पाडताना काही पट्ट्या दिसल्या. तिरक्या कोनातून प्रिझमची बाजू अरुंद फटीसारखी वागत होती. पण पुस्तकात पट्ट्या दोन्ही बाजूंना सारख्या दाखवलेल्या असत, इथे त्या असमान होत्या. त्याने त्यावर लेख लिहिला आणि लंडनच्या ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’ला पाठवला. नोव्हेंबर १९०६ मध्ये तो छापून आला. लेखकाचे वय अठरा. नाव चंद्रशेखर वेंकट रामन. म्हणजे ज्यांना १९३० चे नोबेल मिळाले, त्या रामन यांचा पहिला छापील लेख एका फटीच्या विवर्तनावर होता.

विज्ञानात नोकरी नव्हती, म्हणून रामन सरकारच्या वित्त खात्यात गेले. १९०७ मध्ये कलकत्ता, १९०९ मध्ये रंगून, आणि १९१० मध्ये नागपूर. नागपूर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होते आणि गोंदिया त्याच प्रांतातल्या भंडारा जिल्ह्यातले रेल्वेचे गाव. दिवसा सरकारी हिशेब, उरलेल्या वेळात घरातच थाटलेले प्रयोग, असा त्यांचा क्रम होता. १९११ मध्ये ते कलकत्त्याला परतले. नागपूरहून हावड्याला जाणारी रेल्वेची वाट गोंदियावरूनच जाते, तेव्हा आपल्या स्टेशनवर त्यांच्या गाडीनेही दम घेतला असेल, असा माझा आपला कयास. आज नागपुरात गांधीसागर तलावाजवळ त्यांच्या नावाचे विज्ञान केंद्र आहे. गोंदियाच्या शाळांच्या सहली तिथे जातात.

रामन रॅले यांना गुरुस्थानी मानत. त्यांचे लेखन वाचूनच ते घडले. पण १९२१ मध्ये युरोपहून बोटीने परतताना समुद्राची निळाई पाहून त्यांनी रॅले यांचे मत तपासले. समुद्राचा रंग म्हणजे आभाळाचे प्रतिबिंब, असे रॅले म्हणत. रामन यांनी छोट्या उपकरणाने पाण्यावरचे प्रतिबिंब वगळून पाहिले. निळाई तशीच राहिली, म्हणजे ती पाण्याचीच होती. त्यांनी तसे लिहिले. पुढे १९२८ चा रामन परिणाम याच वाटेवर सापडला.

इब्न अल-हैसम यांनीही टॉलेमीला असेच वाचले होते. टॉलेमीबद्दलच्या शंकांवर त्यांनी एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. पूर्वसुरींचे लेखन वाचताना त्यांच्यावर आणि स्वतःवरही शंका घ्यावी, असे त्यांनी सांगितले. मग आपण त्यांनाच शंकेच्या वर नेऊन बसवतो, तेव्हा त्यांचा मान राखतो की त्यांची शिकवण मोडतो? त्यांच्या ग्रंथाचा लॅटिन अनुवाद युरोपात शतकानुशतके वाचला गेला आणि १५७२ मध्ये छापलाही गेला, तोही त्यांच्या नावानिशी. हे चोरीचे लक्षण नव्हे. ज्ञान हातोहात जात होते. चोरीची गोष्ट सांगून आपण आपल्या माणसाचा खरा मोठेपणा झाकतो.

अरुंधती, सुहा आणि चाँद

आता पुन्हा गच्चीवर येऊ. एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळनंतर उत्तरेला सप्तर्षी दिसतात. शेपटीतल्या मधल्या ताऱ्याला आपल्याकडे वसिष्ठ म्हणतात आणि त्याच्या शेजारच्या फिकट ताऱ्याला अरुंधती. हिंदू लग्नांत नवरीला अरुंधती दाखवायची रीत आहे. अरबांनी त्याच फिकट ताऱ्याला सुहा म्हटले आणि तो दिसतो का, यावरून ते नजर तपासत. दोघांमधले अंतर बारा कला. डोळ्याची हद्द एक कला, म्हणून चांगल्या नजरेला दोन्ही वेगळे दिसतात.

पण वसिष्ठ स्वतःच दोन तारे आहेत. त्यांच्यातले अंतर सुमारे चौदा विकला. साठ विकलांची एक कला होते, म्हणजे हे अंतर डोळ्याच्या हद्दीच्या चौथ्या हिश्श्याएवढे. सतराव्या शतकात दुर्बीण आली तेव्हाच ते कळले. पुढे १८८९ मध्ये एडवर्ड पिकरिंग यांनी वर्णपटावरून दाखवले, की त्या दोनांतला तेजस्वी ताराही पुन्हा जोडीच आहे. हजारो वर्षे लोकांनी ‘एक तारा दिसतो’ अशी गवाही दिली. ते खोटे बोलत नव्हते. पण ‘तिथे एकच तारा आहे’ असे म्हटले असते, तर ते चूक ठरले असते. दिसणे आणि असणे यांतला फरक एवढाच आहे.

आता ईदचा चाँद. सूर्यापासून चंद्र दहा अंश दूर असेल, तेव्हा कोरीची सर्वांत जाड जागा सुमारे चौदा विकला भरते. वसिष्ठाच्या जोडीतले अंतर तेवढेच! मग जी जोडी डोळ्याला फोडता येत नाही, तेवढीच बारीक कोर दिसते कशी? कारण वेगळे ओळखणे आणि दिसणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तारा तर कोरीहून कितीतरी बारीक, तरी तो दिसतो. त्यासाठी त्याचा उजेड मागच्या आभाळापेक्षा पुरेसा जास्त असावा लागतो, एवढेच. कोर किती जाड आहे हे डोळा सांगू शकत नाही, पण ती आहे हे सांगू शकतो, आभाळाने साथ दिली तर. संधिप्रकाश, धूळ, ढग, वय, सगळे इथे आड येते. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ आंद्रे दान्जों यांनी १९३० च्या दशकात जुन्या नोंदी तपासून म्हटले, की चंद्र सूर्यापासून सात अंशांच्या आत असेल तर डोळ्याला कोर दिसतच नाही.

दुर्बिणीने दिसलेला चाँद धरावा की नाही, गणितावर ईद ठरवावी की नाही, हा वाद उलेमांचा आहे आणि तो मी इथे सोडवणार नाही. मला एवढेच कळते, की कोणत्याही बाजूने बोलताना आपल्या साधनाची हद्द आधी सांगावी लागते.

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांनी उभारलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तीस तबकड्या, प्रत्येकी पंचेचाळीस मीटरची. रेडिओ लहरी लांब असल्यामुळे एकवीस सेंटिमीटर तरंगलांबीवर अशा एका तबकडीची हद्द सुमारे वीस कला येते, म्हणजे आपल्या तीन मिलिमीटरच्या बाहुलीहून ती वीस पट अंधुक. पण पंचवीस किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या तीसही तबकड्यांच्या नोंदी जुळवल्या की हद्द दोन विकलांपर्यंत खाली येते. त्याआधी १९७० मध्ये स्वरूप यांनी उटीला उभारलेल्या दुर्बिणीत चंद्रालाच साधन केले होते. चंद्राची कड रेडिओ स्रोताला झाकते त्या क्षणीच्या विवर्तनाच्या पट्ट्यांवरून स्रोत किती बारीक आहे ते काढायचे. जी घटना नजरेला हद्द घालते, तिच्याच मदतीने हद्द ओलांडली गेली. पण त्यासाठी आधी हद्द मान्य करावी लागली आणि तिचे माप घ्यावे लागले.

दादांना यातले काहीच माहीत नव्हते. पण रोज भिंग लावणाऱ्या माणसाला एवढे पक्के ठाऊक होते, की भिंगाशिवाय त्याला स्प्रिंगचा वेढा मोजता येत नाही. वय वाढले की बाहुली आकसते, डोळ्यातले भिंग धुरकट होते, फिकट कोर आभाळात हरवते. त्या तरुणाला चाँद खरोखर दिसला असेल. आज मला तसेच वाटते. दादांनी त्याला खोटे ठरवले नव्हते, हे तेव्हा कोणी ऐकलेच नाही. त्यांनी फक्त आपल्या डोळ्याची गवाही दिली आणि दुसऱ्याच्या डोळ्याची गवाही आपल्या नावावर द्यायला नकार दिला. काही वर्षांनी त्यांच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. पट्टी निघाल्यावर ते म्हणाले होते, ‘इतकं धूसर दिसत होतं मला, आणि कळलंच नाही.’

त्यांचे ते भिंग माझ्याकडे आहे. त्या मित्राला मी हा लेख पाठवणार आहे. इब्न अल-हैसम यांचे चित्र पुढे पाठवायला माझी हरकत नाही, फक्त त्याच्याखाली ग्रिमाल्दी, फ्रेनेल, रॅले आणि रामन यांचीही नावे लिही, असे त्याला सांगणार आहे. आणि पुढच्या एकोणतिसाव्या रोज्याला गच्चीवर कोणी बुजुर्ग ‘मला नाही दिसला’ म्हणाला, तर त्याच्यावर चिडू नका. शीरखुर्म्याचे दूध फ्रिजमध्ये ठेवा.